खोडलेलं राहू द्या

वेलांटी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण एकाच प्रकाशकाकडे एकतीस वर्षं प्रुफं तपासत बसलं की माणसाचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरतं. शब्दाची वेलांटी पहिली की दुसरी, या एका प्रश्नावरून त्याने आजवर दोन संपादक, एक कवी आणि एक साडू कायमचे तोडले होते. साडू बिचारा मुलीच्या लग्नाची पत्रिका कौतुकाने दाखवायला आला होता. ती लाल होऊन परत गेली.

त्याच्या धंद्यात देव नव्हता, खुणा होत्या. शब्दावरून आडवी रेघ मारून शेपटीला फास दिला की तो शब्द मेला. आणि मेलेल्या शब्दाखाली टिंबं टिंबं दिली की त्याचा अर्थ, चुकून खोडलं, राहू द्या. प्रुफावर लेखकाने केलेली खूण पाळायची, मग ती मूर्खपणाची का असेना, एवढा एकच धर्म त्याने आयुष्यभर पाळला होता.

प्रुफाआधी हस्तलिखिताचं तो काय करी, ही गोष्ट वेगळी. ऑफिसात ज्यांना नुसतं ‘कादंबरीकार’ म्हणत, त्या नामवंत लेखकाचंच घ्या. त्यांच्या हस्तलिखितात धान्यातल्या खड्यांसारखे ‘म्हणजे’ सापडत. दर चौथं वाक्य ‘म्हणजे’ने सुरू. वेलांटी ते निमूटपणे वेचून टाकी. एका कादंबरीतून त्याने चारशे बारा काढले होते. ती बाजारात आल्यावर समीक्षकांनी लिहिलं की या लेखकाच्या शैलीत एक शब्द जास्तीचा सापडणार नाही. कादंबरीकारांनी आपल्या तेराही पुस्तकांची प्रुफं पाहिली, पण त्यातला एकही ‘म्हणजे’ परत मागितला नाही. आभारही मानले नाहीत. प्रस्तावनेत शेवटी एक ओळ तेवढी न चुकता असे: ‘मुद्रणदोष राहिले असल्यास ते अर्थातच माझे नाहीत.’

एका मंगळवारी मालकांनी त्याला आत बोलावलं.

“बस वेलांटी. दार लाव.”

मालक दार लावायला सांगत तेव्हा एक तर कुणाला काढायचं असे, नाहीतर कुणाला फसवायचं असे. वेलांटीने दार लावलं आणि यातलं आपण कोण, याचा अंदाज घेत बसला.

“कादंबरीकारांचं बघितलंस ना,” मालक म्हणाले. “एकोणीस प्रकरणं जुळवून तयार. विसावं त्यांच्या डोक्यात. आणि डोक्याचं हे असं झालं.”

असं म्हणजे अर्धांगाचा झटका आला होता, महिन्यापूर्वी. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. नव्या कादंबरीत दोन सख्खे भाऊ होते आणि त्यांचा चाळीस वर्षांचा अबोला होता. एकोणिसाव्या प्रकरणाच्या शेवटी थोरला धाकट्याच्या दाराशी येतो आणि कडी वाजवतो. त्याला आता महिना झाला होता. बिचारा अजून दारातच उभा होता.

“तिथंच थांबवू या की,” वेलांटी म्हणाला. “कडी वाजली, संपलं. लोक म्हणतील, आधुनिक आहे.”

“लोक म्हणतील पानं गळालीत, बदलून द्या. तू लिही.”

“मी?”

“त्यांची पुस्तकं तुझ्याइतकी कुणी वाचलीत? त्यांनी स्वतः तरी वाचली असतील का? लिही. आणि ऐक, दार उघड. लोकांना उघडलेलं दार आवडतं.”

टेबलाशी येऊन वेलांटीने लाल पेन्सिलीला टोक काढलं, मग ती बाजूला ठेवून निळं पेन घेतलं. ते कुठं आहे हे शोधायलाच थोडा वेळ गेला.

ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं, पण वेलांटीनेही एकदा कादंबरी लिहिली होती. तीनशे चाळीस पानं. चोवीस वर्षांपूर्वी ती तो कादंबरीकारांना वाचायला देऊन आला होता. सात महिन्यांनी बाड परत मिळालं. कादंबरीकार पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, “कमाल आहे बुवा तुमची. एकही चूक सापडली नाही.”

एवढंच. त्याने ते बाड कपाटावर टाकलं. वाळवीने मात्र ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

विसावं प्रकरण त्याने नऊ दिवसांत लिहिलं, सगळं जेवणाच्या सुट्टीत. सुरुवातीला ‘म्हणजे’ घालून लिहिलं, कारण त्याशिवाय कादंबरीकारांची लय सापडेना, आणि मग नेहमीसारखे ते वेचून काढले. मालकांनी वाचलं.

“दार उघडलं नाहीस.”

“ते उघडणार नाहीत.”

“कोण, धाकटा?”

“कादंबरीकार.”

प्रकरण चांगलं होतं, हे मालकांनाही कळलं, यावरून ते किती चांगलं असेल याचा अंदाज यावा. “राहू दे मग,” ते म्हणाले. “पण एकदा त्यांना दाखवून ये. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे, लेखकाच्या डोळ्यांखालून गेलंय. मान हलली की होकार समजायचा.”

“त्यांची मान सारखीच हलते म्हणतात.”

“मग तर अडचणच नाही.”

पुस्तकाचं पहिलं पान नेहमी शेवटी जुळवतात. त्यामुळे वेलांटीच्या पिशवीत विसाव्या प्रकरणाबरोबर शीर्षकाचं पानही होतं. वर कादंबरीचं नाव, मधे मोकळी जागा, खाली लेखकाचं नाव, ठळक अक्षरांत.

कादंबरीकारांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा होता आणि दाराची कड धरूनच त्या सरळ उभ्या राहू शकत होत्या. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं.

“या भाऊजी. बरं झालं आलात. हल्ली इकडं कुणी फिरकत नाही. आजारी लेखकाकडे यायचं तर माणसांना आधी पुस्तक वाचल्यासारखं दाखवावं लागतं ना.”

लिहायच्या खोलीतच पलंग लावला होता. टेबल भिंतीशी सरकवलं होतं आणि शब्दकोशावर औषधाच्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या. कादंबरीकार उशांना टेकून बसले होते. तोंडाची एक बाजू ओघळली होती. मान खरंच हलत होती, एखादा माणूस न पटलेल्या गोष्टीला सौजन्याने हो हो म्हणतो तशी.

वेलांटीला पाहून ते म्हणाले, “म्हणजे.”

वेलांटी दचकला.

“तेवढा एकच शब्द उरलाय,” वहिनी म्हणाल्या. “भूक लागली तरी म्हणजे, कूस बदलायची असली तरी म्हणजे. सगळी भाषा गेली हो, आणि हे कुठून राहिलं कोण जाणे.”

कुठून राहिलं ते वेलांटीला ठाऊक होतं. सगळं मिळून त्याने पाच हजारांवर काढले असतील. कुठंतरी साठत असणारच.

वहिनींनी त्याला गॅलरीत बोलावलं. “एक विचारायचंय. यांना कळतं का हो काही? मला वाटतं, कळतं. डोळे बघते ना मी. डॉक्टर म्हणतात, भास आहे, मेंदूचा तो भागच गेलाय. नदीपलीकडच्या सेवागृहात जागा झालीय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय.” त्यांनी पट्टा जरा सैल केला. “कळत असेल तर मरेपर्यंत इथंच ठेवीन. कंबर मोडली तरी ठेवीन. पण आत कुणी नसेलच भाऊजी, तर मी कुणाला उचलतेय? परका माणूस नाही सांगू शकणार. तुम्ही त्यांच्या अक्षराजवळ राहिलात इतकी वर्षं. बसा जरा त्यांच्याशी. बघा आणि खरं काय ते सांगा. मी चहा टाकते.”

वेलांटी पलंगाशी बसला. त्याने विसाव्या प्रकरणाची प्रुफं पाटीवर लावून त्यांच्यापुढे धरली आणि सवयीने लाल पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. तान्ह्या मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तशी. डोळे ओळींवरून सरकू लागले. सरकताहेत की नुसते हलताहेत, हे सांगता येईना. त्याने पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर पेन्सिल खाली आली.

‘कडी वाजवून थोरला दिन चेहऱ्याने उभा राहिला.’

पेन्सिलीचं टोक ‘दिन’वर टेकलं. मग पहिल्या वेलांटीवर एक वाकडी, थरथरती काट. मग समासापर्यंत जायला त्या हाताला जवळजवळ मिनिट लागलं, आणि तिथं त्याने दुसरी वेलांटी काढली. पोराने काढलेल्या छत्रीच्या मुठीसारखी. पण दुसरी.

दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बापुडा. वेलांटीने स्वतः लिहिलं होतं, स्वतः दोनदा तपासलं होतं, आणि त्याला दिसलं नव्हतं. स्वतःचं कुणालाच दिसत नाही. चोवीस वर्षांपूर्वी एकही चूक सापडली नव्हती. आज एक सापडली.

त्याने वर पाहिलं. कादंबरीकार त्याच्याकडेच बघत होते. मान हो हो म्हणत होती. डोळे नाही म्हणत होते. आत माणूस होता. पूर्ण होता, सगळ्या व्याकरणासकट होता, आणि दार बाहेरून बंद होतं.

“भाऊ,” वेलांटी हलकेच म्हणाला, “आवडलं का?”

कादंबरीकारांनी प्रश्न ऐकला. त्यांनी पेन्सिलीने पानांच्या गठ्ठ्याला टोचलं. वेलांटीने एकेक पान काढत नेलं, शेवटी शीर्षकाचं पान वर आलं तेव्हा टोचणं थांबलं. मग त्या हाताने स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर पेन्सिल टेकवली आणि आडवी ओढली. रेघ नागमोडी झाली, पण शेवटच्या अक्षरापुढे जाऊन वळली आणि शेपटीला फास पडला.

खूण चोख होती. हे माझं नाही. माझं नाव काढा.

“म्हणजे,” कादंबरीकार म्हणाले.

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज आला. वेलांटीकडे फार तर दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत त्याने इतर कुणाहीपेक्षा स्वतःला अधिक नीट वाचलं असेल. नाव गेलं की प्रकरण गेलं. मालक एकोणीस प्रकरणांवर पुस्तक थांबवतील, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून दार उघडून घेतील. त्याने आयुष्यात लिहिलेली वाचण्याजोगी अशी सव्वीस पानं होती, आणि ती छापली जाण्याचा हा एकच रस्ता होता. दुसऱ्याच्या नावाखालून सरपटत जाणारा का असेना.

त्याने कादंबरीकारांच्या बोटांतून पेन्सिल सोडवली. बोटं सोडत नव्हती. एकेक उलगडावं लागलं. मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने त्या खोडलेल्या नावाखाली टिंबं दिली. एक, दोन, तीन, चार. नाव लांब होतं. नऊ टिंबं लागली.

टिंबांचा अर्थ जगात दोनच माणसांना इतका नीट ठाऊक असेल, आणि ती दोन्ही त्या खोलीत होती.

“म्हणजे,” कादंबरीकार म्हणाले. आवाज मघापेक्षा खाली होता. “म्हणजे. म्हणजे.”

वहिनी ट्रे घेऊन आल्या. त्यांची नजर पानावर गेली. “हे काय? लाल कुणी केलं? यांनी केलं?”

“हात घसरला त्यांचा,” वेलांटी म्हणाला. “पेन्सिल दिली होती मी, सवयीनं. चूक झाली माझी.”

वहिनी उभ्याच राहिल्या. “आणि… ते विचारलं होतं मी?”

वेलांटीने प्रुफं पिशवीत घातली. “वहिनी, हात थरथरतो त्यांचा. त्यात वाचण्यासारखं काही नाही.”

त्यांनी ट्रे शब्दकोशावर ठेवला. मग त्या हळूहळू, एक हात कमरेवर ठेवून खुर्चीत बसल्या. “असंच म्हणाले डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “बरं झालं तुम्ही सांगितलंत. तुम्हीच म्हटल्यावर आता मनाला खोटं सांगता यायचं नाही.”

ऑफिसात परतल्यावर वेलांटीने ‘दिन’चा ‘दीन’ करून घेतला. लेखकाची खूण पाळायची, हा त्याचा धर्म होता. एक पाळली.

कादंबरी आली. समीक्षकांनी लिहिलं की एकोणीस प्रकरणं नेहमीची आहेत, पण विसावं केवळ हेच लिहू शकतात, त्यात या लेखकाचा आत्मा आहे. मालकांनी त्या वाक्याची कात्रणं काढून भिंतीवर लावली आणि वेलांटीच्या पाठीवर हात ठेवला. वेलांटीच्या मनात आलं, ही पाठ आता सरावली आहे.

दोन महिन्यांनी पुस्तकाची एक प्रत घेऊन तो सेवागृहात गेला. आपण का जातोय, याचं उत्तर त्याने वाटेत तीनदा बदललं. लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. वहिनी रविवारी येत, असं कळलं. आज बुधवार होता.

कादंबरीकार निम्मे झाले होते. मान हलायची थांबली होती. वेलांटीने पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडून ठेवलं, शीर्षकाचं पान. पेन्सिल त्याने मुद्दाम आणली नव्हती.

डावा हात चादरीखालून बाहेर आला. तर्जनीचं नख नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकलं. मग सावकाश, कागद दबेल इतक्या जोराने, नख शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं आणि वळलं.

‘म्हणजे’ हा एक उरलेला शब्दही आता संपला होता.

शेजारच्या पलंगाची चादर बदलणाऱ्या परिचारिकेने मान वर केली. “तुम्ही नात्यातले का? एक विचारू? हे दिवसभर असंच करत असतात बघा. चादरीवर, भिंतीवर, जेवणाच्या ताटात. आडवं ओढायचं आणि पुढं गोल करायचं. कशाचं आहे ते?”

भिंतीच्या हिरव्या रंगावर, उशीच्या उंचीला, नखांच्या रेघा होत्या. वीस असतील, तीस असतील. प्रत्येकीच्या शेपटीला फास होता आणि खाली कुठंही टिंब नव्हतं.

“मला नाही कळत त्यातलं,” वेलांटी म्हणाला.