भरणारीचं नाव

"अकरा! एक नाही, दोन नाही, अकरा ठिकाणी लाल पेन!" बाटलीताईने निबंध बाकावर असा आपटला की शेजारी बसणाऱ्या लंबूच्या पेल्यातला चहा उडून थेट त्याच्या वहीवर.

"माझ्यावर कशाला काढतेस?" लंबू वही झटकत म्हणाला. "माझ्या निबंधात सतरा आहेत. मी बोललो का काही?"

बाटलीताई म्हणजे आरोग्य केंद्रातली पाण्याचे नमुने गोळा करणारी. वय एकतीस, सायकलला मागे बाटल्यांचा खोका, चौदा वस्त्यांच्या विहिरी तोंडपाठ. नऊ वर्षं ती बाटल्या भरून प्रयोगशाळेत पोचवत होती. तिथे आत कोण काय करतं, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण दार तिच्या नाकासमोर बंद व्हायचं. तर आता बाईसाहेबांना त्या दाराच्या आत जायचं होतं! त्यासाठी विद्यापीठ, आणि विद्यापीठाच्या आधी हा वर्ग. आदिवासी वस्त्यांमधून येणाऱ्यांची पूर्वतयारी. पाच महिने नुसतं हेच : व्याख्यान ऐकताना टिपणं कशी काढायची, जाडजूड पुस्तकातून आपल्या कामाचं कसं शोधायचं, मुद्दा कसा मांडायचा. शेवटी एक निबंध. तो पास झाला तर प्रवेश, नाहीतर सायकल आहेच. शुक्रवारी चार वाजता निबंध घ्यायची खिडकी बंद होणार होती आणि आज बुधवार.

निबंध होता खालच्या वस्तीतल्या विहिरीवर. काही उन्हाळ्यांत तिचं पाणी खारट होतं, आणि ते व्हायच्या तीन आठवडे आधी आतल्या गोगलगाई भिंतीवरून वर वर सरकतात. बाटलीताईने केंद्रातल्या जुन्या तपासण्यांचे आकडे काढून ताडून पाहिलं होतं. जुळत होतं, अगदी चपखल! आणि वर्गाला शिकवणाऱ्या बाईंनी समासात काय लिहिलं होतं? ‘हे कुणी सांगितलं?’ अकरा वेळा.

ती तरातरा बाईंच्या खोलीत गेली. बाई तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण बाई त्या बाईच.

"बाई, मी हे चोरलंय असं वाटतं का तुम्हाला?"

"अहो ताई, नाही हो! कुणी पाहिलं, कधी पाहिलं, तेवढं लिहा म्हणतेय."

"आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे ते."

"मला कुठे माहीत आहे?"

"मग या ना विहिरीवर. दाखवते."

बाई हसल्या. "मी येईन. पण परीक्षक नाही ना येणार. त्यांच्या हातात फक्त तुमचा कागद."

पटलं का तिला? छे! घरी जाईपर्यंत ती पुटपुटतच होती.

पण गुरुवारी सकाळची गंमत ऐका. केंद्रात तिच्या टेबलावर कुणीतरी एक भरलेली बाटली ठेवून गेलं होतं. तिने ती उचलली, फिरवून पाहिली आणि सरळ मोरीत ओतली.

"अगं, काय केलंस?" नर्सबाई ओरडल्या. "स्वच्छ तर होतं पाणी!"

"चिठ्ठी नव्हती. कुठल्या विहिरीचं, कधीचं, कुणी भरलं, काय कळणार? बिनचिठ्ठीची बाटली मी नाही ठेवून घेत, कुणी का आणलेली..."

आणि ती थांबली. रिकामी बाटली हातात, तोंड उघडंच. मग जी हसत सुटली!

"काय गं, काय झालं?"

"नर्सबाई, मी अकरा बाटल्या बिनचिठ्ठीच्या पाठवल्या हो!"

नर्सबाईंना ओ की ठो कळलं नाही. पण त्या दिवशी बाटलीताईला कोण आवरणार? दुपारपर्यंत अकरा चिठ्ठ्या तयार. आणि कशा? ‘माझे बाबा, नावाडी, विहिरीच्या पूर्वेकडच्या पायरीवरून, सकाळी, दृष्टी चांगली, त्या दिवशी ताप नव्हता.’ संदर्भांची यादी निबंधापेक्षा लांब! बाईंनी वाचली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"ताप काढा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पायरी ठेवा. पायरी झकास आहे."

शुक्रवारी दोन वाजता निबंध तयार. आता फक्त छापून खिडकीत द्यायचा. पण ज्याचं पाणी त्याला विचारायला नको? तिने बाबांना फोन लावला. बाबा सकाळपासून होडीत बसेल त्याला सांगत होते, "माझं नाव विद्यापीठात चाललंय, जरा नीट बसा." तिने त्यांना आधी चिठ्ठीचा नियम सांगितला. नाव बाटली आणणाऱ्याचं लिहायचं नाही, भरणाऱ्याचं लिहायचं, कारण विहिरीवर उभा तोच असतो. मग सगळं वाचून दाखवलं.

"बाबा? ऐकताय ना?"

"गोगलगाईंच्या पुढे कुणाचं नाव आहे?"

"तुमचं."

"काढ ते."

"काढ काय काढ? तुम्हीच तर सांगितलंत मला!"

"सांगितलं मी. पाहिलं तुझ्या आत्याने. तीन उन्हाळे ती त्या पायरीवर बसून भिंतीवर कोळशाच्या खुणा करायची. आम्ही सगळे हसायचो तिला. भरली तिने, बाळा. मी नुसती आणली."

"आत्याला जाऊन सहा वर्षं झाली, बाबा. आणि मग तुमचं नाव कुठेच राहत नाही."

"न राहू दे. तूच म्हणालीस ना आत्ता, नियम काय आहे?"

आता बोला! बाटलीताईने फोन ठेवला. मग टकाटक टकाटक ओळ बदलली. पावणेचार झाले आणि छपाईयंत्राने कागद गिळला. बाई यंत्राला थोपटतायत, लंबू त्याला शिव्या देतोय, शेवटी कागद सुटला तेव्हा चाराला चार मिनिटं कमी.

"आण इकडे!" लंबूने निबंध हिसकला आणि ते लांबच लांब पाय घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत सुटला. खिडकीतला कारकून कुलूप हातात घेऊन उभाच होता.

"अहो, एवढं धावताय, निबंध तुमचाच ना?"

"नाही हो," लंबू धापा टाकत म्हणाला. "मी नुसता आणणारा."

तीन आठवड्यांनी यादी लागली. बाटलीताई पास! लंबूही पास, सतरा लाल खुणांसकट! वर्गात असा दंगा झाला की शेजारच्या खोलीतले बघायला आले. बाईंनी तिचा निबंध भिंतीवर लावला. त्या दिवशी बाबा होडी बंद ठेवून, धुतलेला सदरा घालून आले. वाचता येत नव्हतं त्यांना. भिंतीपुढे उभे राहिले, हात मागे बांधून.

"माझी ताई कुठाय?"

तिने त्यांचं बोट धरून शेवटच्या पानावर टेकवलं. आत्याचं नाव, पूर्वेकडची पायरी, तीन उन्हाळे, कोळशाच्या खुणा. बाबांनी ते बोट तिथून उचललंच नाही.

"आणि बाबा, पुढे अजून थोडं आहे. ‘सांगणारा : तिचा धाकटा भाऊ.’"

"नाव नाही ना घातलंस?"

"नाही."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि बोट हळूच दोन शब्द पुढे सरकवलं.