मशीहाच्या बुटांचं माप

काचेच्या कपाटातल्या त्या बुटांना कोणी हात लावायचा नाही, हे थोरलीला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक होतं. आजोबांनी ते मशीहासाठी, ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट बघताहेत त्या तारणहारासाठी, शिवले होते. तो येणार म्हणजे लांबून चालत येणार, पाय सोलवटून निघालेले असणार, आणि ज्यूंच्या गल्लीत बूट शिवणारं घर हे एकच. मग तयारी नको?

पण माप कुठून आणलं? हा किडा थोरलीच्या डोक्यात लहानपणी शिरला तो केस पिकायला लागले तरी वळवळतच होता. त्यात बाबांनी भर घातली. "आपले जाणते सांगून गेलेत," ते म्हणायचे, "मशीहाचा एक कण प्रत्येकात असतो. कोणात कधी जागा होईल, सांगता येत नाही."

झालं! तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की तिची नजर आधी पायांवर. पोस्टमनचा पाय त्या बुटांपेक्षा बोटभर मोठा. शेजारच्या खाष्ट मास्तरीणबाईंचा जवळपास बरोबर, पण देव एवढी थट्टा करेल असं वाटेना.

बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान तीच बघायची. बाबा कोपऱ्यात बसून चुका काढायचे.

त्या दुपारी सुईण धावतच आली. तिच्या एका बुटाचा तळ पार सुटून लोंबत होता.

"आत्ताच्या आत्ता लावून दे गं! खाणीपलीकडे बाई अडलीय, दोन तास चालायचंय."

डिंक वाळायला संध्याकाळ झाली असती. मांडणीवरचे सगळे जोड लोकांचे, दुरुस्तीला आलेले. थोरलीने कपाट उघडलं, आजोबांचे बूट काढले आणि खाली बसून सुईणीच्या पायात चढवले. नाड्याही स्वतःच आवळल्या. सुईण गेलीसुद्धा.

मग मात्र तिची नजर रिकाम्या कपाटाकडे गेली. तीन पिढ्या जपलेली ठेव! मागे वळून बाबांकडे बघायची हिंमत होईना.

"बसले का तिला?" बाबांनी विचारलं.

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर लोकांचे पाय मोजले आणि नेमकं आज बघायचंच राहिलं!

"लक्षातच आलं नाही. बाबा, रागावलात?"

"कपाट रिकामं ठेवायचं नाही. कातडं काढ."

"पण माप कोणाचं घ्यायचं?"

बाबांनी फरशीवर कोरा कागद पसरला, गुडघे धरत खाली बसले आणि कानावरची पेन्सिल काढली.

"चप्पल काढ," ते म्हणाले. "ठेव पाय."

तिने चप्पल काढून पाय कागदावर ठेवला. थरथरती रेघ टाचेपासून निघून हळूहळू तिच्या बोटांकडे सरकू लागली.

"गुदगुल्या झाल्या तरी हलायचं नाही," बाबांनी दम भरला.