जटेची ओटी

कोल्हापुरातल्या त्या गल्लीत मंगळवार म्हणजे पाचवीतल्या सौंदर्याचा वार. या पोरीला पाटावर बसवायचं, तिच्या जटेला तेल-हळद लावायची आणि तिच्या पाया पडायचं. पहिला मान समोरच्या वाड्यातल्या संयोगिताबाईंचा.

जट आली कुठून, हे तिची आई मल्लव्वा पुरतं जाणून होती. मुदतीच्या तापात पोर अंथरुणाला खिळली, केस विंचरायचे राहिले आणि गुंता झाला. सासूनं फणी उचलून ठेवली आणि घरात यल्लम्मादेवी आली म्हणून गल्लीभर सांगितलं. मल्लव्वा भ्याली आणि गप्प बसली.

त्या मंगळवारी सौंदर्या दुपारीच शाळेतून परतली, सुजलेले डोळे चोळत. वर्गातल्या पोरांनी ‘जोगतीण आली, जोगवा वाढा’ म्हणत तिच्या तोंडावर मूठमूठ हळद फेकली होती. पुढे होता संयोगिताबाईंचाच विजयसिंह, आणि हळदही त्यांच्याच पूजेच्या डब्यातली. गुरुजींनी उलट हिलाच घरी पाठवलं होतं. पोरीनं दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि आता शाळा नको म्हणाली.

सासूला आनंदच झाला. “बरं झालं. येत्या पुनवंला यल्लम्माच्या डोंगरावर न्हेऊन देवीला सोडूया.”

मल्लव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिलाई मशीनवरची कात्री तिनं उचलली. तिनं जट मुळापासून कापली. सासूनं ऊर बडवला, रक्त ओकून मरशील म्हणाली.

“मरंन की. पर पोरगी साळंला जाईल.”

संध्याकाळी संयोगिताबाई ताट घेऊन आल्या. मल्लव्वानं त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला पदर पसरायला सांगितला. त्यांनी भक्तिभावानं पसरला. मल्लव्वानं त्यात ती जट टाकली.

“तुमच्या पोरानं तुमच्याच हळदीनं माझ्या लेकीचं डोळं भरलं, बाईसाब. देवी घरला न्या. तुमच्या लेकीच्या डोस्क्याला बांधा. दर मंगळवारी मी येतो की पाया पडाय.”

संयोगिताबाई किंचाळून उठल्या, पदर झटकत पळाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मल्लव्वाच्या जिवाला थंडावा मिळाला, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

सकाळी आखूड केसांच्या लेकीचा हात धरून ती थेट वर्गात गेली. कात्री पिशवीतून काढून तिनं गुरुजींच्या टेबलावर ठेवली.

“जट ह्या कात्रीनं कापलीया. पुन्यांदा हिला कुणी जोगतीण म्हटलं, तर त्याच्या आईला भर गल्लीत इचारीन, माझ्या लेकीच्या पाया का पडत हुतीस म्हणून.”

विजयसिंहानं मान खाली घातली. गुरुजींनीही.

सासू अजून रक्ताची वाट बघते आहे. मल्लव्वा मात्र रोज सकाळी दारात बसून, गल्लीला दिसेल अशी, लेकीचे केस विंचरते. फणी त्या गल्लीत घरोघरी होती. आजारी पोरीच्या डोक्यातून ती फिरवावी, असं एकीच्याही मनात आलं नव्हतं.