आनंदनगरीतून जाणारं माहेर

संभाजीनगरहून पैठण रोडने निघालं की बिडकीन यायच्या आधी उजव्या हाताला भला मोठा रहाटपाळणा दिसायला लागतो. तीच मल्हार आनंदनगरी. यंदा तिला तीस वर्षं झाली, म्हणून मालक बद्रीनाथने दरवाज्याच्या आतली लांबलचक भिंत रंगवायला काढली होती. साल, त्याखाली फोटो, त्याखाली दोन ओळी, अशी कंपनीची सगळी वाटचाल. पेंटरने पहिलं साल आनंदनगरीच्या उद्घाटनाचं टाकलं, तेवढ्यात बद्रीनाथची आई बानाबाई काठी टेकत तिथे आली.

"हे पुस," ती म्हणाली. "तुमची कंपनी काय आभाळातून पडली व्हय?"

पेंटरने पुसलं. बानाबाईपुढे ब्र काढायची कंपनीत कुणाची टाप नव्हती. बद्रीनाथचीही नव्हती, आणि तो तर नुसता मालक होता.

मग भिंत बानाबाई सांगेल तिथून सुरू झाली. बानाबाई जन्मली निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या दोनेक वर्षांत, आणि लग्न होऊन आली ती मल्हाररावाच्या घरी. दोन्ही घरं मेंढपाळांची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मल्हाररावाने आपल्या वाट्याच्या मेंढ्या देऊन एका थकलेल्या खेळवाल्याकडून चार खोक्यांचा लाकडी पाळणा घेतला. मेंढरं देऊन लाकडं घेतली, गडी पार कामातून गेला, असं अख्खी भावकी म्हणाली. पण नाथषष्ठीच्या यात्रेत पैठणला तो पाळणा उभा राहिला आणि रांग काही हटेना. पाळणा फिरवून मल्हाररावाचे हात सोलवटले. बानाबाईने गुलमंडीच्या बाजारातून लाल-पिवळं सॅटिन आणून खोक्यांना झालरी लावल्या. कंपनी वर आली ती त्या झालरींमुळे, असं तिचं आजही ठाम मत आहे, आणि ते खोडून काढायला मल्हारराव आता हयात नाही.

पुढे डिझेल इंजिनावर फिरणारा लोखंडी पाळणा आला. मग घोड्यांची चक्री आली, मग गरगर फिरणारा टोराटोरा. जत्रेमागून जत्रा करून दोघांच्या पाठी मोडायला आल्या, तेव्हा मल्हाररावाने पैठण रोडचं हे माळरान घेतलं. आता आपण हलायचं नाही, लोकांनीच यायचं, असं तो म्हणाला. माणसाला वेड लागल्याचं भावकीने दुसऱ्यांदा जाहीर केलं. लोक मात्र आले. पाण्याच्या घसरगुंड्या झाल्यावर तर शाळांच्या बसगाड्या रोडपर्यंत उभ्या राहायला लागल्या. हे सगळं मल्हाररावाने डोळ्यांनी पाहिलं आणि समाधानाने गेला.

भिंतीवर एवढं सगळं आलं. एक गोष्ट आली नाही, कारण ती जमिनीवर होती. आनंदनगरीच्या ऐन मधून, चक्री आणि झुकझुकगाडी यांच्यामधून, मातीचा एक रुंद पट्टा आरपार गेला होता. त्यावर बाकडं नाही, फुलझाड नाही, पॉपकॉर्नची गाडीसुद्धा नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोठी लोखंडी गेटं होती आणि ती वर्षभर बंद असत. ही मेंढरांची वाट.

त्याचं असं होतं, की बाकीच्या बायकांचं माहेर कुठल्यातरी गावात असतं. तिथे एसटी जाते, दाराला कडी असते. बानाबाईचं माहेर पायांवर होतं. मेंढरं, दोन घोडी, चार घोंगड्या आणि आज इथे तर उद्या तिथे पडणारा तळ. आई-बाप गेल्यावर धाकटा भाऊ सूर्यभान ते माहेर घेऊन फिरायला लागला. दिवाळी झाली की तो गोदाकाठच्या मोकळ्या वावरांत खतासाठी मेंढरं बसवायला निघायचा, पावसाच्या तोंडावर माघारी फिरायचा, आणि दोन्ही वेळा जायचा तो याच माळावरून. म्हणून माळ घेतला त्या दिवशीच बानाबाईने नवऱ्याला बजावलं होतं, "तुमाला काय बांधायचं ते बांधा. पर माझं माहेर हितून जातं. वाट मोडायची नाय."

मल्हाररावाने मोडली नाही. तेव्हापासून वर्षातून दोनदा चक्री थांबते, झुकझुकगाडी थांबते, गेटं उघडतात आणि धुरळा उडवत मेंढरं आनंदनगरीतून निघून जातात. शाळेची पोरं आरडाओरडा करून आभाळ डोक्यावर घेतात. बानाबाई भाकऱ्या आणि ठेच्याचं गाठोडं घेऊन सकाळपासून गेटात उभी. सूर्यभान येतो, उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पितो, "बरं हाय ना आक्का?" म्हणतो, गाठोडं घेतो आणि मेंढरांमागे चालायला लागतो. मेंढरं काही कुणासाठी थांबत नसतात. एवढंच तिचं माहेरपण. तेवढ्यावर तिचं सहा महिने भागायचं.

आणि आता नेमकी तीच जागा बद्रीनाथला हवी होती. त्याला लाटांचा तलाव करायचा होता. यंत्राने समुद्रासारख्या लाटा उठणार, संभाजीनगरातल्या लोकांना समुद्र घरबसल्या मिळणार. बाकी सगळीकडे काही ना काही उभं होतं. मोकळा उरला होता तो हा पट्टा. दोन महिने तो आईच्या मागेपुढे करत होता. शेवटी मेंढरं यायच्या दिवशी सकाळी, ती भाकऱ्या बांधत असताना, त्याने धीर केला.

"माय, एक बोलू?"

"लाटांचं असंल तर नगं बोलू."

"अगं, ऐक तरी. मामा सालातून दोनदा येणार, आन् त्याच्यासाठी एवढी जागा मोकळी ठेवायची? मी त्यांला कुंपणाच्या कडंनं चांगली वाट काढून देतो."

"कडंनं? माहेर काय चोरासारखं कडंकडंनं जात असतं?"

पोराचं म्हणणं काही चुकीचं नाही, हे बानाबाईलाही कळत होतं. तलाव झाला तर कंपनी पुढे जाईल, नातवंडांना बरं होईल. पण तिला धास्ती होती ती वेगळीच. ही वाट मोडली की सूर्यभान दुसरीकडून निघून जाईल, आणि मग तिच्या दारात यायला त्याला कारणच उरणार नाही. ही एक भेट गेली तर माहेर संपलं. हे तिने पोराला सांगितलं नाही. त्याऐवजी तिने बिनतोड वाटणारी एक अट घातली.

"तुझ्या मामालाच ईचार. तो व्हय म्हनला तर खुशाल खण."

मामा जन्मात हो म्हणणार नाही, याची तिला खात्री होती.

दुपार व्हायच्या आत मेंढरं आली. चक्री थांबली, पोरं ओरडली, धुरळा उडाला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पांढऱ्या मिशा, असा सूर्यभान गेटात येऊन उभा राहिला. त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि बद्रीनाथने जीव मुठीत धरून त्याच्यापुढे सगळं मांडलं. बानाबाई हाताची घडी घालून वाट बघत राहिली.

सूर्यभानने मिशांवरून हात फिरवला. बहिणीकडे पाहिलं, मेंढरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "खण की, भाचेराव."

बानाबाईच्या हाताची घडी सुटली. "आन् मेंढरं? ती कुठून न्यायची?"

"आक्का, रागवू नको. आमी आता पायी जातोच कुठं? रोड केवढा झाला, मधी दुभाजक टाकला. मेंढरं गाड्यांखाली याया लागली. लई सालं झाली, ट्रकात भरून नेतो."

"मंग हे काय हाय?" तिने काठीने समोरून जाणारा कळप दाखवला.

सूर्यभान ओशाळला. "तुझ्या गेटाअलीकडं, वळणाआड उतरवतो. हितून काढतो. पलीकडं लिंबाखाली ट्रक उभा असतो, तिथं पुन्ना भरतो."

बद्रीनाथला हसू आवरेना, म्हणून तो पाठ फिरवून चक्रीकडे बघत राहिला. चक्री थांबलेलीच होती.

"माझ्यासंगं नाटकं करतो व्हय रं!" बानाबाई कडाडली. "एवढी मेंढरं उतरवायची, एवढी चढवायची! तुझी पोरं शिव्या देत असतील तुला!"

"देतात ना. पर तू एवढी वाट राखली माझ्यासाठी. मंग म्या कसं येऊ नये?"

"आरं, मेंढरं न घेता याया काय झालं तुला? घर हाय ना माझं तिथं, एवढा बंगला हाय!"

सूर्यभान आपल्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिला. बोलला तो अगदी हळू.

"तिथंच तर अडतंय आक्का. मेंढरं म्होरं असली की मी कामाला निघालेला गडी असतो. हुभ्या हुभ्या बहिणीकडं पानी प्यालो, निघालो. नुसता आलो अन् तुझ्या बंगल्याची पायरी चढलो, तर मागाया आल्यावानी वाटतं. दाजी हुते तव्हाबी वाटायचं."

बानाबाईचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती भावासाठी वाट राखल्याच्या तोऱ्यात होती. त्याने पाणी उभ्यानेच का प्यावं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. घाई मेंढरांना असते, असं ती धरून चालली होती. आणि हा वेडा, निव्वळ तिचा मान राहावा म्हणून सालातून दोनदा कळप उतरवत होता आणि चढवत होता. वाईट वाटता वाटता तिला आतून इतकं बरंही वाटलं, की डोळे पुसावे की हसावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

मग ती एकदम म्हणाली, "आन् तू तरी मला कधी तळावर बोलावलं का रं?"

"तुला?" सूर्यभान चमकला. "आक्का, तू आता कंपनीची मालकीण. वावरात घोंगडीवर झोपशील व्हय?"

"का? मी काय बंगल्यात जन्मले व्हय?"

शेवटची मेंढरं गेटातून आत शिरली. बानाबाईने भाकऱ्यांचं गाठोडं उचललं, ते त्याच्या हातात न देता स्वतःच्याच काखोटीला मारलं, आणि काठी टेकत ती मेंढरांमागून चालायला लागली. चक्री, झुकझुकगाडी, घसरगुंड्या, सगळं ओलांडून ती पलीकडच्या गेटातून बाहेर पडली. लिंबाखाली ट्रक उभा होता आणि सूर्यभानची पोरं फळी लावून मेंढरं चढवत होती. आत्याला बघून पोरांचे हात थांबले.

"बघता काय? मला म्होरं बसवा," बानाबाई म्हणाली.

दोघा भाच्यांनी हात दिला, गुडघ्यांनी बरीच कुरकुर केली, पण बानाबाई केबिनमध्ये चढून बसली. बद्रीनाथ धावत आला तो तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि शाल घेऊनच. आईला अडवायचं नसतं, एवढं तो शिकला होता.

"माय, तलावाचं काय करू?"

"मामा व्हय म्हनला ना तुझा? मंग खण. आन् मापात खण, पोरं बुडू नये कुणाची."

सूर्यभान तिच्या शेजारी चढला. तो अजून बावरलेला होता, पण मिशांखाली हसत होता. मागे मेंढरांची बें बें चालली होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तसा बद्रीनाथ खिडकीला धरून विचारायला लागला, "न्यायला कधी येऊ?"

"माहेरी निघालेल्या बाईला असं ईचारत नसतात," बानाबाई म्हणाली आणि तिने काच वर केली.