औषध चढेपर्यंत

कृष्णातच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. हिरव्या चादरीच्या टोकाला त्याची पावलं उघडी होती. अंगठ्याच्या नखाखालचा गुलाबी रंग गेला होता. जांघेवर सुरी नुकतीच फिरली होती.

"दुखतंय काय रं?" नाडगौडा सरांनी विचारलं.

"न्हाय, सायेब."

"दुखत आसंल तर सांग की. बायको भाईर बसलीया न्हवं? बोलावतो आत, हात धराय."

सिस्टर साक्षी हसली. कृष्णातही हसला, तसं त्याचं पोट हललं.

"ए, हलू नगंस!" सर ओरडले. मग मला म्हणाले, "प्रमोदिनी, शून्य लिहा."

एरवी शुद्ध बोलणारे सर रुग्णांशी असं बोलत. त्यांना तो आपलेपणा वाटे. मला ते ऐकताना हातांना तेल लागल्यासारखं वाटे.

दोन औषधांची ही तुलना भूलतज्ज्ञ म्हणून माझीच कल्पना होती. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी फक्त जांघ बधिर केली तर माणूस संध्याकाळी घरी जातो. त्यासाठी लिग्नोकेन बरं की बुपिव्हाकेन? पहिलं लगेच चढतं, लवकर उतरतं. दुसरं सावकाश चढतं, पण घरी गेल्यावरही बराच वेळ पुरतं. सिरिंज मी भरायची, आत काय आहे ते सरांना कळू द्यायचं नाही. सुई दिल्यावर दोन्ही औषधांना पुरेसा वेळ द्यायचा. दुखणं किती, ते शून्य ते दहा आकड्यांत रुग्णाने सांगायचं.

सर थांबत नव्हते आणि आकडाही विचारत नव्हते. विचारत ते एवढंच, की तू गडी आहेस की नाहीस. कबनूरच्या यंत्रमागावर उभा राहणारा माणूस त्याला दुसरं काय उत्तर देणार? पुढच्या महिन्यात सर्जनांच्या परिषदेत सर सांगणार होते, की दोन्ही औषधं सारखीच, थांबायची गरज नाही. ते ऐकून गावोगाव थांबणं सोडलं जाईल. विरोधाची वाक्यं मी घरी तयार करायचे आणि थिएटरच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायचे.

कृष्णातच्या कपाळावरचा घाम कानात उतरत होता. आज सिरिंजमध्ये सावकाश चढणारं बुपिव्हाकेन होतं. मी वाकले. "खरं सांगा, कृष्णात. दुखतंय?"

"म्याडम," तो ओठ न हलवता म्हणाला, "सायबांम्होरं नगा इचारू."

"काय कुजबुज चाललीया?" सर म्हणाले. "गडी घट्ट हाय. उगं रडवू नका त्याला."

पुन्हा हशा झाला. सरांचा मास्क तोंडापाशी ओला झाला होता आणि हसताना आत-बाहेर होत होता. रक्त थांबवायला डागलेल्या चरबीचा जळका वास टेबलावर साचला होता.

सरांनी पुन्हा सुरी टेकवली. अंगठा आणखी वळला.

"सुरी खाली ठेवा, सर."

"काय?"

"औषध चढेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

साक्षी हसता हसता थांबली. सर माझ्याकडे वळले. "तुमचाच अभ्यास आहे, मॅडम," ते आता शुद्ध भाषेत म्हणाले. "तुमचेच आकडे बिघडतील."

"आकडे खोटे आहेत. ही तुलना मी आजपासून बंद करते आहे. आणि का बंद केली, ते परिषदेत मी स्वतः सांगणार आहे."