वॅगन चार-एक-सात-तीन-सहा

“आणि मीठ घेऊन किती वेळा आली, काका?”

“अकरा,” मी म्हणालो. “बाराव्यांदा लेबल मिठाचं होतं, पण आत सिमेंट निघालं. ती फेरी मी धरलेली नाही.”

मॅडम हसल्या आणि त्यांनी कागदावर अकरा लिहिलं. रेल्वेच्या नव्या संग्रहालयाच्या त्या प्रमुख, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. पलीकडे रंगारी शिडीवर चढून वॅगनला तांबडा रंग देत होता. यार्डात जिथे पूर्वी कोळशाचा ढीग असायचा तिथे आता हिरवळ लावली होती, बाकं ठेवली होती, आणि मधोमध रुळांच्या तुकड्यावर ही एकच मालवाहू वॅगन आणून उभी केली होती. चार चाकांची, बंद, लोखंडी. नंबर चार-एक-सात-तीन-सहा. रविवारी उद्घाटन होतं. शेजारी मोठा फलक लागणार होता, ही वॅगन आयुष्यभर कुठे कुठे फिरली हे सांगणारा.

ते सांगू शकणारा माणूस एकच उरला होता, तो मी. चौतीस वर्षं मी या यार्डात नंबर घेतले. मालगाडी आली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा नंबर, ती कुठून आली, कुठे जाणार, आत काय आहे, हे रजिस्टरात लिहायचं. ऑफिसातली रजिस्टरं वाळवीने केव्हाच संपवली. पण मला एक खोड होती. घरी आल्यावर तेच सगळं मी माझ्या वह्यांत पुन्हा उतरवून ठेवायचो. का, ते विचारू नका. कोणाला तपकिरीची सवय असते, कोणाला पत्त्यांची. आमची ही म्हणायची, “वॅगनी गावं बघतात आणि तुम्ही वॅगनी बघता.” तिला फार दिवसांपासून समुद्र बघायचा होता. मी तिला एकदा मिठाच्या वॅगनमधला एक खडा आणून दिला आणि म्हणालो, घे, समुद्र. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तेही बरोबरच होतं.

मॅडमनी माझ्या वह्यांबद्दल कुठूनतरी ऐकलं आणि त्या घरी आल्या. इतक्या वर्षांत कोणी या वह्यांना विचारलं नव्हतं. मी हुरळून गेलो. बत्तीसच्या बत्तीस वह्या पिशव्यांत भरून त्यांच्या हवाली केल्या. भंगारात निघालेल्या वीस वॅगनींपैकी जिच्या नोंदी सगळ्यांत जास्त सापडतील ती ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. महिन्याभराने फोन करून त्यांनी आनंदाने नंबर सांगितला, तेव्हा मी भिंतीला धरून खाली बसलो. एकोणीस वॅगनी भट्टीत गेल्या. माझ्या सुवाच्य अक्षराने वाचवली ती ही.

“इथे एक गोष्ट कळत नाही,” मॅडम वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या. “गहू घेऊन आली, वही म्हणते, ‘ठीक’. त्यानंतर अठरा दिवस तिचा पत्ताच नाही. मग एकदम रिकामी निघाली. मधे कुठे होती?”

“दुरुस्तीला.”

“काय झालं होतं?”

“बफर मोडला होता. दोन वॅगनींमधला धक्का झेलतो ना, तो.”

त्यांनी लिहून घेतलं. एका ओळीचंच काम होतं. वॅगन अठरा दिवसांत बरी होऊन गेली, आणि माझा धाकटा भाऊ, जो शंटर होता, जो वॅगनींच्या मधे शिरून त्यांच्या साखळ्या जोडायचा, तो तिच्या आणि मागच्या वॅगनच्या मधे सापडून गेला होता. एकतीस वर्षं झाली. त्या वेळी त्याची मुलगी दोन वर्षांची होती.

आता ते सांगतो. टाळून उपयोग नाही.

यार्डात आलेली प्रत्येक वॅगन आधी तपासनीस बघायचा. त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे, कारण वॅगन खराब असेल तर ती ‘सिक’ आहे असं ठरवायचा हक्क त्याचा. तो लांब दांड्याच्या हातोडीने चाकं वाजवत जायचा आणि खराब वॅगनवर खडूने फुली मारायचा. फुली एकाच बाजूला असायची, तो ज्या बाजूने चालला त्या. माझा नियम असा, की नंबर घेताना एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. फुली दिसली की रजिस्टरात ‘सिक’ लिहायचं आणि वॅगनला लाल कार्ड अडकवायचं. कार्ड असलेल्या वॅगनच्या वाटेला शंटर जात नाही.

त्या दुपारी मी एकाच बाजूने गेलो. दुसऱ्या बाजूला गुडघाभर चिखल होता, कँटीनमध्ये माझा चहा ओतून ठेवलेला होता, आणि नंबर तर दोन्ही बाजूंना तेच असतात. चाळीसच्या चाळीस वॅगनींपुढे मी ‘ठीक’ लिहिलं. असं मी त्याआधीही पाच-सहा वेळा केलं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

चहा अर्धा झाला तेव्हा ओरडा ऐकू आला. सगळे धावले ते कोरड्या बाजूने. गर्दी झाली, मला वाट मिळेना, म्हणून मी गाडीला वळसा घालून चिखलाच्या बाजूने गेलो. आणि तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, डॉक्टरची फुली होती. ठळक, पांढरी, खाली ‘बफर’ असं लिहिलेलं. मी सदऱ्याच्या बाहीने ती पुसली. नीट पुसली, शेवटचा पांढरा डाग जाईपर्यंत. आणि मग भावाकडे वळलो. त्या वेळी त्याच्यात जीव होता की नव्हता हे मला माहीत नाही, कारण मी आधी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

चौकशी तीन दिवस चालली. डॉक्टर तिन्ही दिवस एकच सांगत होता, मी फुली मारली होती. साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला दिसली का? मी म्हणालो, नाही. साहेब म्हणाले, यांचं रजिस्टर आजवर कधी चुकलेलं नाही, आणि हे तर मृताचे सख्खे भाऊ. डॉक्टरची नोकरी गेली, पेन्शन गेलं. त्याने बाजारामागच्या गल्लीत कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी समोरून येताना दिसलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. तो माझं तोंड बघायला तयार नाही, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

मॅडम फलकाचा नकाशा उलगडत होत्या. यार्डातून निघालेले बाण चारी दिशांना गेले होते. समुद्राकडे, खाणींकडे, सरहद्दीकडे. एकदा ही सर्कशीचे घोडे घेऊन आली होती आणि एकदा पूरग्रस्तांसाठी तंबू घेऊन गेली होती, ते बाण त्यांनी निळ्या रंगात काढले होते. मी मान डोलावत होतो. एवढ्यात फाटकाकडून एक म्हातारा काठी टेकत आला आणि हिरवळीच्या कडेला थांबला. मी चष्मा पुसून पाहिलं. डॉक्टर होता.

या वेळी त्याने रस्ता ओलांडला नाही. सरळ माझ्यासमोर आला.

“ओळखलंत का?” तो म्हणाला.

“न ओळखायला काय झालं,” मी म्हणालो.

“पेपरात वाचलं, हीच वॅगन ठेवताहेत म्हणून. म्हटलं रविवारी गर्दीत कुठे भेटणार. तुम्ही रोज इथे असता असं कळलं. जरा बसू या का?”

आम्ही बाकावर बसलो. तो हाताच्या तळव्याकडे बघू लागला. मला वाटलं, आता विचारणार, तुम्ही खरंच फुली पाहिली नव्हती का. एकतीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. आता ‘नाही’ असं म्हणायचं नाही, एवढं माझं मनाशी ठरलेलं होतं. मॅडमच्या हातात फलकाचा कागद होता, त्यावर एक ओळ वाढवता आली असती. या माणसाचं नाव धुऊन निघालं असतं.

“माफी मागायला आलोय,” डॉक्टर म्हणाला.

“कोणाची?”

“तुमची. अजून कोणाची? धाकट्याच्या बायकोकडे जायचं धाडस नाही होत.” त्याने काठी बाकाला टेकवली. “चौकशीत मी छातीठोकपणे सांगत होतो, फुली मारली, फुली मारली. पुढेही चार-पाच वर्षं जो भेटेल त्याला तेच सांगायचो. घरी तर विचारूच नका. मग एक दिवस बायको म्हणाली, अहो, चाळीस डब्यांतल्या कुठल्या डब्यावर काय केलंत हे तुम्हाला एवढं कसं आठवतं? मी आठवायला लागलो. जितकं आठवावं तितकं पुसट होत गेलं. खडू हातात होता एवढं आठवतं. पण खडू रोजच हातात असायचा.”

“तुम्ही फुली मारली होती,” मी म्हणालो.

“थांबा, बोलू द्या. नंतर कधी बोलवेल असं वाटत नाही. मी मनाशी हिशेब घातला. तुमचं रजिस्टर कधी चुकलं नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी जाणारा माणूस. तुम्हाला दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच. मी त्या दिवशी चुकलो आणि वर तीन दिवस खोटं बोललो. तुमचा भाऊ माझ्या हातून गेला. रस्त्यात तुम्ही दिसलात की तोंड कुठे लपवावं असं व्हायचं. म्हणून पलीकडे जायचो.”

मी त्याचा हात धरला आणि सगळं सांगितलं. चिखल, चहा, वळसा, फुली, तिच्याखाली लिहिलेला शब्द, बाही. काहीही लपवलं नाही. आधी फुली पुसली आणि मग भावाकडे वळलो, हेसुद्धा सांगितलं. ते मी आमच्या हिलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ती आता ऐकायला उरली नाही.

माझं संपल्यावर डॉक्टरने माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

“तुम्ही मोठ्या मनाचे आहात,” तो म्हणाला.

“अहो, खरं सांगतोय मी.”

“हो, हो.”

“माझ्या भावाची शपथ घेऊन सांगतो.”

“नका घेऊ. त्याला कशाला मधे आणता?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो हसतही होता. “मला बरं वाटावं म्हणून एवढं सगळं रचलंत. पण मला सांगा, सख्खा भाऊ तिथे पडलेला असताना कोणी आधी खडू पुसत बसेल का? माणूस असं करतच नाही.”

मी उठलो आणि मॅडमकडे गेलो. डॉक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणालो, “फलकावर एक ओळ घाला. या वॅगनवर तपासनिसाने फुली मारली होती, नंबर घेणाऱ्याने ती पुसली. माझं नाव घाला.”

मॅडम गोंधळल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या म्हाताऱ्याकडे, आणि आवाज खाली आणला. “काका, चौकशीचा अहवाल मी वाचलाय. शंटरचं आडनाव तुमचंच आहे, ते लक्षात आलं होतं. मघाशी अठरा दिवसांचं विचारलं ते म्हणूनच, तुम्ही बोलला नाहीत तेव्हा मुद्दाम पुढे विषय काढला नाही. ते तपासनीस आहेत ना? त्यांच्यासाठी तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला. पण अहवालात उलटं आहे, फुली नव्हतीच असं. आणि हे बघा.” त्यांनी वहीच्या पानावर बोट ठेवलं. माझंच अक्षर. चार-एक-सात-तीन-सहा, गहू, ठीक. “तुमच्या वहीशिवाय माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. तीच खोटी म्हटली तर मग सगळे बाणच खोटे. शिवाय इथे लहान मुलं येणार.”

“मग बाण काढून टाका,” मी म्हणालो.

रंगाऱ्याला पाणी हवं होतं, त्यांनी त्याला बाटली दिली. वही मिटली, पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, “काका, आज तुम्ही घरी जा. रविवारी गाडी पाठवते.”

मी परत बाकाकडे आलो. डॉक्टर उठून उभा होता. तो आला तेव्हा वाकलेला होता, आता जरा ताठ वाटला. बोलून टाकल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, ते त्याच्याकडे बघून खरं वाटलं. मला तसं काही झालं नव्हतं.

“भावजयीला सांगाल का माझ्या वतीने?” त्याने विचारलं. “माफ करा असं नको म्हणायला. नुसतं सांगा, तो कबूल करून गेला.”

“काय कबूल केलं तुम्ही?”

“तुम्हाला माहीत आहे.”

फाटकाच्या अलीकडे जुने रूळ होते, ते ओलांडायला लाकडाच्या दोन पायऱ्या केल्या होत्या. माझे गुडघे गेल्या वर्षापासून कुरकुर करतात. मी पहिल्या पायरीशी अडखळलो. डॉक्टरने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझं कोपर धरलं.

“सावकाश,” तो म्हणाला. “मी धरलंय.”

रस्त्यापर्यंत त्याने हात सोडला नाही.