दोन कुलपांखाली

मी व्हॉल्व्ह बोलतोय. माझ्या झाकणावरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल, त्यावर थुंकलाही असाल. राग नाही. जमिनीखाली तीन फूट, विटांच्या खड्ड्यात राहणाऱ्याला मानापमान परवडत नाही. मानापमान वर असतो, खुर्ची टाकून बसलेला.

तापलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतला आणि मी झालो. दाब सोसतो का ते पाहिलं, अंगाला निळा रंग फासला आणि मला नगरपालिकेच्या गोदामात धाडलं. तिथून माझी नेमणूक झाली ती दोन वस्त्यांच्या हद्दीवर. टाकीकडून येणारी पाइपलाइन इथे फुटते. एक फाटा चढावरच्या वरच्या वस्तीला, दुसरा उतारावरच्या खालच्या वस्तीला. मी खालच्या फाट्यावर. मला बंद केलं की पाणी वर चढतं, उघडलं की सगळं खाली धावतं. चौदा आटे फिरवायचे, बस्स. हे समजायला शिक्षण लागत नाही. न समजायला मात्र फार मोठा अनुभव लागतो.

वीस वर्षं मला पाणीखात्यातले चावीवाले काका फिरवत. एक दिवस वर, एक दिवस खाली. लांब दांड्याची चावी, चौदा आटे, एक शिवी, आणि काका सायकलवर टांग टाकून पुढे. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण कुणाचं मत विचारलंच नव्हतं.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. पाणी दिवसाला तीन तासांवर आलं. त्यातच काका निवृत्त झाले. खात्याने कळवलं, नवा माणूस मिळेपर्यंत दोन्ही वस्त्यांनी सामोपचाराने बघावं. अशा रीतीने मी ज्येष्ठांच्या हाती पडलो.

वरच्या समितीचे अध्यक्ष तात्या, खालच्या समितीचे अण्णा. दोघे व्याही. तात्यांची लेक ही अण्णांची सून. खालच्या वस्तीत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवते. बारा पोरं, सगळी तीन वर्षांच्या आतली. त्यातलं एक तिचं स्वतःचं, म्हणजे दोन्ही अध्यक्षांचा सामाईक नातू.

पहिल्याच आठवड्यात तात्या म्हणाले, खालचे लोक व्हॉल्व्ह गुपचूप उघडतात. अण्णा म्हणाले, वरचे गुपचूप बंद करतात. मग तोडगा निघाला. झाकणाला दोन कुलपं, एकेक किल्ली एकेका अध्यक्षाकडे. रोज सकाळी दोघांनी मिळून उघडायचं.

पण कुलपं घालताना मला उघडा ठेवायचा की बंद?

"बंद ठेवला तर पहिली पाळी तुमची होते," अण्णा म्हणाले.

"आणि उघडा ठेवायला आम्ही काय दुधखुळे आहोत?" तात्या म्हणाले.

अडीच तास चर्चा झाली. शेवटी ठरलं, सात आटे. अर्धा उघडा, अर्धा बंद. दोन्हीकडे निम्मं-निम्मं. टाळ्या पडल्या. पाण्याला मात्र हा ठराव कुणी कळवला नाही. ते नेहमीप्रमाणे उताराला धावलं.

दुसऱ्या दिवशी कुलपं उघडली नाहीत. आधी किल्ली काढेल त्याची गरज जास्त, असा अर्थ निघाला असता. तिसऱ्या दिवशीही नाहीत. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आतून थरथरत राहतो. माझ्या थरथरण्याने शेजारचा सांधा सैल झाला आणि रोजचं पाणी माझ्या खड्ड्यातून नाल्याला जाऊ लागलं. वर थेंब नाही, खाली करंगळीएवढी धार. ओरड झाली तेव्हा समित्यांनी माझ्याभोवती खुर्च्या टाकून पहारा बसवला. पहारा चोख होता. चोरीला एक थेंब गेला नाही. वाया सगळं गेलं.

पंधरा दिवसांत माझ्याभोवती पोटरीएवढं हिरवं गवत माजलं.

"इथे कसं गार वाटतं, नाही?" पहारेकरी एकमेकांना म्हणायचे.

गवताचा अर्थ फक्त तात्यांच्या लेकीला लागला. "बाबा, खाली पाणी वाहतंय. कान लावून बघा."

"मोठ्यांच्या कामात पडू नकोस," तात्या म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांना सांग, आधी किल्ली काढा."

"सूनबाई, प्रश्न पाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे," सासरे म्हणाले.

"मग तत्त्वाने पोरं धुऊ का, अण्णा?"

पुरेसं पाणी आलं नाही तर सोमवारी पाळणाघर बंद, आणि ते बंद झालं की बारा आयांची कामं बंद.

सोमवारी सकाळी ती बाराही पोरं घेऊन माझ्यापाशी आली. आदल्या दिवसापासून एकही धड धुतलेलं नव्हतं. सहा वरच्यांच्या मांडीवर दिली, पाच खालच्यांच्या.

"आम्हालाच सहा का?" तात्या नाक दाबत म्हणाले.

"वाटा जास्त हवा होता ना, बाबा? आणि हा तुमचा नातू. हा दोघांचा, म्हणून मध्ये." तिने त्याला माझ्या झाकणावर बसवलं.

नातवाने सामोपचाराने, दोन्ही कुलपांवर सारखंच, जे करायचं ते केलं.

"अहो व्याही, पाणी आणा!" तात्या ओरडले.

"कुठून?" अण्णा म्हणाले.

सगळे गप्प झाले. त्या शांततेत माझा खळखळाट पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आला.

किल्ल्या एकदमच निघाल्या, पण कुलपं गंजून गेली होती. तिने हातोडीने तोडली. काकांना घरून बोलावलं. त्यांनी सांधा आवळला आणि तीच जुनी शिवी दिली. मला अगदी भरून आलं.

आता ती मला रोज फिरवते. एक दिवस वर, एक दिवस खाली. पाळणाघर चालू आहे. तात्या आणि अण्णा शेजारी बसून मोठ्याने आटे मोजतात. चौदा भरले की मान डोलावतात, जणू हे त्यांनीच शोधून काढलं. मोजू देत. मोजण्याने मी गंजत नाही.

माझ्याभोवतीचं गवत मात्र वाळून पिवळं पडलंय. या दुष्काळात मला अभिमान वाटतो तो त्या वाळल्या गवताचा. तुमची एकच मदत हवी. येता-जाता इकडे लक्ष ठेवा. गवत पुन्हा हिरवं दिसलं, तर हातोडी घेऊन धावत या. ज्येष्ठांनी पुन्हा तोडगा काढलेला असेल.